तीस मायक्रॉन

मी खाली सही करणारी, वय सदुसष्ट, अविवाहित, पेशाने मशीनिस्ट, कारखान्यात ‘मायक्रॉनबाई’ म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे कोणी नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

१. औषधाच्या दुकानावरच्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला, द्याव्यात. तिने मला दोनदाच पाहिले आहे. स्वयंपाकघराची खिडकी वर उचलून मग ढकलावी, एरवी उघडत नाही. भांडी एका माणसापुरती आहेत, ती तिने टाकून दिली तरी चालेल.

२. बँकेतली सगळी ठेव सरकारी रुग्णालयातल्या भाजलेल्यांच्या वॉर्डाला द्यावी. पाटीवर माझे नाव नको.

३. मायक्रोमीटर, डायल गेज आणि बाकीची मापाची हत्यारे, आता माझ्या जागी सिलिंडर कोरण्याच्या बोरिंग मशीनवर जी बाई आहे तिला द्यावीत. तिला मी ओळखत नाही. फाटकातून पाहिले, हात स्थिर वाटला. कारखान्याच्या मालकांना माझा लाकडी स्टूल द्यावा. मशीनची उंची पुरुषांच्या बेताची होती. मी स्टूल मागितला तर म्हणाले, “घरून आणा.” मी आणला आणि सव्वीस वर्षे त्यावर उभी राहिले. आता त्यांनी त्यावर बसावे.

४. समोरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर अ‍ॅल्युमिनियमचा इंजिन ब्लॉक आहे. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जेवते. हा ब्लॉक माझ्या त्याच धाकट्या भावाचा आहे. त्याच्याबरोबर पुढची हकीकतही त्याची आहे.

भाऊ आमच्याच कारखान्याच्या शर्यतीच्या गाड्या चालवायचा. त्या वर्षी टर्बोची गाडी आली. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. ब्लॉक हलका, पण सिलिंडरच्या भिंती वरच्या टोकाला सुट्या उभ्या आणि भोवती पाणी. हवा जास्त कोंबली की त्या थरथरतात, चिरतात. उपाय मी सुचवला. जुन्या भिंती कोरून काढायच्या, ब्लॉक भट्टीत तापवायचा आणि गार केलेल्या बिडाच्या जाड स्लीव्ह, म्हणजे नळ्या, आत सोडायच्या. वरच्या कडा एकमेकींना टेकल्या की कोणी हलत नाही.

मालक रोज येऊन म्हणत, “बाईमाणसाचं काम, वेळ लागणारच.”

चाचणीच्या सकाळी मी शेवटचे माप घेतले. तिसरी स्लीव्ह ब्लॉकच्या पातळीपेक्षा तीस मायक्रॉन खाली बसली होती. केसाच्या निम्म्याहूनही कमी. पण तेवढ्या फटीतून ब्लॉक आणि वरच्या झाकणामधली गॅस्केट उडते, हे मला पुरते ठाऊक होते. ब्लॉक पुन्हा सपाट करायला दोन दिवस हवे होते. दारात मालक घड्याळ बघत उभे होते. मी मापांच्या वहीतला आकडा खोडरबराने पुसला आणि शून्य लिहिले.

भावाने वही पाहिलीसुद्धा नाही. हेल्मेट चढवताना म्हणाला, “तायडे, तुझ्या हातचं काम आहे. मी डोळे मिटून पाय दाबणार.”

अकराव्या फेरीला गॅस्केट गेली. त्याने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि उकळत्या पाण्याचा पाइप त्याच्या उजव्या हातावर फुटला. दोन बोटे कायमची आखडली.

चौकशीत निघाले की त्याने हवेचा दाब ठरल्यापेक्षा थोडा वाढवला होता. स्लीव्ह खाली बसलेली सापडली, पण वहीत शून्य होते. तेव्हा ती त्याच्या दाबाने बसली असे सर्वांनी मानले. त्यानेही मानले. त्याला पुन्हा कोणी गाडी दिली नाही. तो दुसऱ्या शहरात शाळेची बस चालवू लागला. ब्लॉक भंगारात निघाला, तो मी घरी आणला. पुढे बाहेरच्या एका वर्कशॉपात नेऊन त्याचा माथा सपाट करून घेतला, स्लीव्ह नीट केल्या. आता माप बरोबर आहे.

५. एकोणीस वर्षे माझ्या वाढदिवसाला त्याचा फोन यायचा. ठेवताना हमखास म्हणायचा, “तुझं एवढं काम मी वाया घालवलं गं.” आणि मी म्हणायची, “असू दे.”

गेल्या वाढदिवसाला मी ‘असू दे’ म्हटले नाही. सगळे सांगितले. बसमध्ये मुले चढत असल्याचा गलका ऐकू येत होता.

त्याने विचारले, “वहीत खरा आकडा कुठेच नाही?”

“नाही. पुसला मी.”

“मग लिहून दे, तायडे. तोंडी नको.”

त्याने फोन ठेवला. त्याला चार महिने झाले. मी केला तर उचलत नाही.

म्हणून लिहून देते: तिसरी स्लीव्ह, चाचणीपूर्वी, तीस मायक्रॉन खाली. माप माझे, खोडाखोड माझी. भावाचा दोष नाही. हे कलम कारखान्यात, मालक हजर असताना, मोठ्याने वाचावे. ब्लॉक भावाने नाकारला तर त्याला आग्रह करू नये.

६. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून मी माझ्या वकीलबाईंना नेमते. त्यांचे म्हणणे, मृत्युपत्र मृत्यूनंतरच उघडायचे असते. असेल. परंतु कलम चार आणि पाचची सही केलेली नक्कल मी आज दुपारी रजिस्टर टपालाने भावाला पाठवत आहे. पोचपावतीवर त्याची सही येईल. ती या कागदाला जोडावी.

हे सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करते.

लिहून ठेवणार: (सही) मायक्रॉनबाई

साक्षीदार:
१. (सही) खालचे औषधवाले
२. (सही) गुडघ्यांच्या व्यायामाला येणाऱ्या नर्सबाई

स्थळ: राहते घर, समोरची खोली
दिनांक: सहा मार्च, शुक्रवार, सकाळी अकरा

जोडलेले कागद: पोचपावती (अद्याप आलेली नाही)