दुसरा ठोका

व्हिएन्ना, ९ फेब्रुवारी १८५२

ती. बुर्गीताईस लेओनहार्डचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं सॉसेज पोहोचलं. घरमालकिणीच्या मांजराने माझ्याआधी चाखलं. बाकी सर्व क्षेम.

एक अडचण आली आहे. माझ्या सिंफनीचा तिसरा भाग मी आपल्याकडच्या लेंडलर नाचावर बांधला. इथल्या थोरांनी आपला गावठी नाच कधीच सिंफनीत नेऊन बसवलाय, त्यामुळे गुरुजींची हरकत नव्हती. नाचाला बाबा फिडलवर वाजवतात ती चाल आठवून लिहून काढली. वादकांनी एकही चूक न करता वाजवली, आणि तिच्यात जीवच नव्हता! तिन्ही ठोके सारखे. बाबा दुसऱ्या ठोक्यावर रेंगाळतात ना? पण किती आणि का, हेच कळेना. मे महिन्यात हे परीक्षकांपुढे वाजायचं आहे. असंच वाजलं तर गाशा गुंडाळावा लागेल.

बाबांना विचारशील? त्यांची साथ सोडून आल्यापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, ठाऊक आहे. तरी विचार.

लोभ आहेच, तो सॉसेजसकट वाढावा.

तुझा लेओ

आयशबेर्ग, २४ फेब्रुवारी

चि. लेओस अनेक आशीर्वाद.

विचारलं. व्हिएन्नात एवढे शहाणे भरलेत, त्यांना विचार म्हणावं, असं म्हणून बाबा गोठ्यात निघून गेले.

पण तू माझ्याही डोक्यात किडा सोडलास. रविवारी ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाआधीचा शेवटचा नाच होता. मी पायांकडे लक्ष न देता बाबांच्या हाताकडेच बघत राहिले. माझ्यावर रुसलीस का, असं माझ्याबरोबर नाचणाऱ्या सुताराच्या फ्रान्त्सने दोनदा विचारलं. बाबा थांबतात हे खरं. शेजारच्या गावचा फिडलवाला एवढा थांबत नाही, म्हणजे ही खोड बाबांचीच. आणि गंमत म्हणजे त्या दिवशी त्यांचंच चुकलं! सगळे हसले. तुझा प्रश्न त्यांनाही चावतोय.

आईला विचारलं तर ती लाजली आणि कणकेचे गोळे उगाच जोराजोरात वळायला लागली. नक्की काहीतरी आहे. जेवत जा, आणि आम्हाला विसरू नकोस.

तुझी बुर्गी

आयशबेर्ग, ६ मार्च

चि. लेओनहार्डास बापाचा आशीर्वाद.

पत्रं लिहायची मला सवय नाही, अक्षर सांभाळून घे. तू गेलास त्याचा राग आहे. शेजारची खुर्ची रिकामी दिसली की अजून डोकं फिरतं.

तुझ्या प्रश्नाने माझ्या हाताची पार वाट लावली. मी का थांबतो याचा विचार कधी केलाच नव्हता. केला, तर उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात बसलेलं निघालं. लग्नाआधी मी वाजवायचो आणि तुझी आई दुसऱ्यांबरोबर नाचायची. वाजवणाऱ्याच्या नशिबी नाच कुठला? जोडीदाराच्या हाताखालून ती गिरकी घ्यायची, तीही अगदी सावकाश, कुणाची पर्वा न करता. तिचं तोंड माझ्याकडे वळेपर्यंत मी पुढचा ठोका वाजवतच नसे. जोडीदार चिडायचे. चिडोत बापडे. पुढे सगळ्या गावाच्या पायांना तीच सवय लागली. आता ती बाकावर बसून असते, तरी मी थांबतो.

हे कागदावर कसं उतरवायचं ते तू बघ, शिकायला तूच गेलास. मी तिला विचारलं, पोराला बघायचंय, एकदा गिरकी घेशील का? गुडघ्यांच्या नावाने खडे फोडून झाल्यावर हो म्हणाली. ईस्टरच्या सोमवारी सरायीत नाच आहे. मी वाजवत असणार, माझी काही सुटका नाही. तेव्हा तिच्याबरोबर नाचायला तू ये.

तुझा बाबा