दुपारी बारा वाजताचं पान

४ फेब्रुवारी
आज पुन्हा तेच. सकाळी नऊपासून संगणकातलं मॉडेल आणि खरा आंबा, दोघांचे आकडे बरोबरीने चढतात, बारा वाजले की फारकत. मॉडेल म्हणतं, ऊन भरपूर, म्हणजे पान हवेतला कार्बन भरपूर घेतंय. पान चिमट्यात धरून मोजावं तर जवळजवळ काही घेत नाही. हवा घेणाऱ्या बारीक छिद्रांचे ओठ मिटून बसलेलं. चारनंतर पुन्हा थोडं उघडतं. प्रकाशसंश्लेषण लिहून लिहून हात दुखला. इथे नुसतं प्र.सं.
झाड बंद गिरणीच्या आवारात, कॅन्टीनच्या नळापाशी. कुणीतरी डबा खाऊन बाठा टाकला असणार.

६ फेब्रुवारी
प्रकल्पप्रमुख सरांना आलेख दाखवले. दोन मिनिटं पाहिले असतील.
"अहो मॅडम, हे मॉडेल जगभरच्या जंगलांवर चालतं. तुमच्या लालबागच्या आंब्याला काय सोनं लागलंय?"
म्हटलं, सोनं नाही, पानं लागलीत.
"दुपारची मोजमापं गाळून टाका. यंत्र उन्हात तापतं. सकाळ-संध्याकाळ छान जुळतंय की! 'मॉडेल उत्तम जुळते' असं लिहून महिनाअखेर अहवाल पाठवू."
सकाळ-संध्याकाळ कुणाचंही जुळतं. परीक्षा दुपारीच असते. हे जिन्यात सुचलं, नेहमीसारखं उशिरा. गाळणार नाही, एवढं मात्र तोंडावर बोलले.

९ फेब्रुवारी
पान मोजायचं यंत्र तपासून आलं. ठणठणीत. तापतबिपत नाही.
मग राहिली हवा. मॉडेलला आपण ऊन, तापमान, हवेतला ओलावा भरवतो, त्यावरून ते प्र.सं. काढतं. ओलाव्याचं इलेक्ट्रॉनिक यंत्र पावसाळ्यातच मेलं. तेव्हापासून जुना ओला-सुका. दोन थर्मामीटर, एकाला मलमलीची ओली वात. हवा जितकी कोरडी, तितका ओल्याचा आकडा खाली.
जोडी घरी आणली. वात काढून शेजारी शेजारी ठेवली, दोघांचा आकडा एकच. म्हणजे हेही बरोबर. मग चुकतंय कोण?

१० फेब्रुवारी
मी. मी चुकतेय.
सकाळी चहा घेताना बाबांनी टेबलावरची वात चिमटीत धरली.
"ही वात काय पापड गो?"
खरंच कडक झाली होती. पांढरी.
"पाणी खयचा घालतंस?"
बोअरचं. डिस्टिल्ड पाणी नोव्हेंबरात संपलं, वॉचमनने बाटली भरून दिली, म्हटलं तात्पुरतं. तात्पुरतं फेब्रुवारीपर्यंत चाललं.
"क्षार चढले की वात पाणी पिणा नाय. मगे थर्मामीटर खोटा बोलता. हवा सुकी, ह्यो सांगता ओली. आमच्या गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, ह्याच व्हायचा. मास्तर थर्मामीटर दाखवायचो, ओलावा बरोबर आसा, तुमचे हातच वायट! आणि हय साच्यावर सूत तटातट तुटायचा. म्हणान मी सोमवारी सोमवारी वात धुवायचंय."
"मास्तरला पटायचं?"
"मास्तराक कधी काय पटला? सूत तुटायचा थांबला, बस झाला."
वीस वर्षं हा विषय शिकले. वात धुवायची, हे चिंचपोकळीच्या खोलीत बसलेल्या माणसाला माहीत.

११ फेब्रुवारी
दिवसभर मन खात होतं. चूक लिहिली की सर म्हणणार, बघा, सगळंच गाळा. नाही लिहिली तर मीही मास्तरच.
लिहिणार. नोव्हेंबरपासूनचा ओलावा रद्द, दोष माझा. पानांची मोजमापं मात्र रद्द नाहीत. पानांनी बोअरचं पाणी घातलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी
आठवडाभर नवी वात, बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड पाणी. बाटली आज बाबाच घेऊन आले. गिरणीच्या फाटकापर्यंत. आत नाही. ही त्यांचीच गिरणी; ब्याऐंशीच्या संपात बाहेर पडले ते त्या फाटकातून पुन्हा आत गेले नाहीत. "झाड हयसून दिसता," म्हणाले. दिसत नाही. मध्ये अख्खं साचेखातं आहे.
दुपारी मॉडेल चालवलं. बाराला खाली वाकलं! पहिल्यांदा. हवा खरोखरच कोरडी होती, आपण त्याला ओली सांगत होतो. पण अंतर अर्धंच मिटलं. मॉडेलचं पान अजून खऱ्या पानापेक्षा जास्त खातंय. हे अर्धं माझं नाही. हे मॉडेलचं.

२० फेब्रुवारी
संपाच्या वर्षी मी दुसरीत. दुपारी शाळेतून आले की बाबा घरात. आधी मला सणच वाटला होता. मग समोरची बाई आईला म्हणाली, "तुमचे मिस्टर काय, बसूनच?" आईने तिच्या तोंडावर दार लावलं. मी बाबांच्या पाठीला टेकून पाढे म्हटले, मुद्दाम मोठ्याने.
पान बाराला मिटतं ते आळसाने नव्हे. उघडं राहिलं तर आतलं पाणी जाईल. हे अहवालात एका वाक्यात लिहिता येतं. लिहिलं.

२३ फेब्रुवारी
सरांनी वाचलं. चूक कबूल केल्याबद्दल "प्रामाणिक आहात" म्हणाले, आणि लगेच, "आता अर्धं जुळलंच आहे, उरलेलं गाळा. नाहीतर अहवाल तुमच्या नावाशिवाय जाईल."
"नाव काढा सर. दुपार राहू द्या."
"मला दुपार काढायचीय, नाव नव्हे!"
"मग दोन्ही राहू द्या."
"बैठकीत बघू," म्हणाले आणि अहवाल खणात टाकला.

२६ फेब्रुवारी
निरोप आला. अंतिम बैठक उद्या, दुपारी बाराला. दुपारची मोजमापं ठेवायची की नाही, तिथेच ठरणार.
कळवलं: बाराला मी आंब्याखाली असते. तीनला येईन, आकडे घेऊन.
बाबांनी वात धुऊन खिडकीत वाळत घातलीय. उद्या सोमवार नाही, तरी.