मागे तंबोऱ्यावर

रविवार, संध्याकाळ

वारज्याला आत्ताच पोचले. चहा नंतर, आधी हे लिहिते.

बाईंच्या गाण्याच्या क्लासची आज शनिवार पेठेत मैफल होती. यंदा मीच गाणार, हे मी धरूनच चालले होते. बाईंनी गाणं मृणालला दिलं. ती माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेली! मला म्हणाल्या, "तू मागे तंबोऱ्यावर बस."

"घसा बसलाय हो, बाई," मी थाप मारली.

"तंबोरा हातानं वाजवतात."

गेले.

यमन रंगात आला आणि वरच्या षड्जावर मृणालचा आवाज फाटला. ती थांबली. तो षड्ज माझ्या गळ्यात अगदी तयार होता. लावला असता तर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या असत्या. तेच हवं होतं ना मला? पण मी खालचाच षड्ज हळू धरून ठेवला. मागे न बघता तिनं तो पकडला, पुन्हा वर गेली, आणि या वेळी स्वर लागला. टाळ्या तिला मिळाल्या, बरोबरच आहे. तरी न लावलेला तो षड्ज अजून गळ्यात घुटमळतोय. समजूतदारपणा होता की नुसती भीती? सांगता येत नाही.

निघताना बाईंना सरळ विचारलं, "पुढच्या वर्षी मी गाऊ?" आजवर कधी मागितलं नव्हतं. त्यांनी ओळखावं, असं वाटायचं.

"गा की. मागे कोण बसणार, ते बघून ठेव."

मृणाल शेजारीच चपला घालत होती. तिलाच विचारलं.

"बसेन ना, ताई. पण खालचा सा तसा धरायला शिकवा आधी."

मंगळवारी ये, म्हटलं.