तीन मिनिटं जास्तीची

हरणी, बडोदे
१२ जानेवारी २०२५

चि. ईशानीस बाबांचे अ. उ. आ.

तीन दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे कुरिअरने. तिकडे चिकमगळूरला पार्सल उघडल्याबरोबर माझ्यावर ओरडलीस नि फोन कापलास. कारण काय, तर कॉफीच्या बिया काळ्या झाल्या! अगं, रिफायनरीत चौतीस वर्षं भट्ट्यांसमोर काढली, मला आच कळत नाही? तुझ्या कागदाप्रमाणे भाजायचं मशीन बंद केलं असतं तर कॉफी कच्चीच राहिली असती. तीन मिनिटं जास्त ठेवली. आठही किलो एकसारखी भाजली आहे, खुशाल बघ. तुझ्या कॉफीला गिऱ्हाइकं आंबट म्हणतात, असं कॅफेवाला आनंद म्हणालाच होता. तुझ्या भल्यासाठीच केलं. आई मात्र तुझ्या बाजूची; दोन दिवस भाजीत मीठ नाही.

रागाने का होईना, उत्तर पाठव.

तुझे बाबा


चिकमगळूर
१६ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसावं की डोकं आपटावं, कळेना. ती कॉफी आंबट नव्हती, फळासारखी होती! इथल्या मळेवाल्या कावेरम्मांनी गेल्या वर्षी कॉफीची पिकली फळं सालीसकट महिनाभर उन्हात वाळवली, हाताने उलटली, म्हणून बियांना फणसाचा स्वाद आला. जास्त भाजलं की तो जळतो, उरतो कडूपणा. निघताना दोनदा सांगितलं होतं : त्यांची कॉफी मी भाजते कशी, ते चाखून मगच त्या यंदाचा माल मला द्यायचा की बेंगळुरूच्या कंपनीला, ते ठरवणार. ताजी लागते म्हणून अर्धा किलो भाजून पाठवा म्हटलं, तर तुम्ही शिल्लक होती नव्हती ती सगळी भाजलीत!

खोटं बोलवलं नाही, त्यांना खरं सांगितलं. एक घोट घेऊन त्यांनी कप बाजूला सारला. कंपनीचा माणूस महिनाअखेरीस येणार आहे म्हणाल्या. त्यांच्याच घरी राहते, त्यांच्याच हातचं जेवते. मान वर होत नाही.

आईला नमस्कार. तुमच्यावर तूर्त फक्त राग.

ईशानी


हरणी, बडोदे
२१ जानेवारी

चि. ईशानीस अ. उ. आ.

चुकलं माझं. पत्र तीनदा वाचलं.

तुझ्या एकेका गिऱ्हाइकाला फोन केले. करजणच्या प्रतापसिंहांकडे त्याच कॉफीचं अर्धं पाकीट शिल्लक होतं. स्कूटरवरून गेलो. विकलेली वस्तू परत कसली मागता काका, म्हणाले. मग सगळी हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी आधी मलाच एक कप पाजला, दूध-साखरेशिवाय. तू फणस म्हणतेस, मला पिकलं केळं लागलं. पण फळ होतं खरं. मी काय जाळलं, ते तेव्हा कळलं.

पाकीट सोबत आहे. कावेरम्मांना सांग, दोष मुलीचा नाही, बापाचा आहे.

माया कमी करू नकोस.

बाबा


चिकमगळूर
२५ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पाकीट दीड महिन्याचं जुनं, तरी चव टिकून होती. कावेरम्मा अर्धा कप प्यायल्या नि त्यांनी नवऱ्याला बागेतून बोलावून घेतलं. उरलेला यजमानांनी संपवला. दोघं स्वतःची कॉफी अशी कधी प्यायलेच नव्हते. चांगला माल सगळा बाहेर जातो.

चाळीस किलो मागितले होते, बारा मिळाले. बाकीचे कंपनीला. तुमच्या तीन मिनिटांची किंमत म्हणायची. भागवीन.

गोणी शुक्रवारी पोहोचेल, मी सोमवारी. मधल्या दिवसांत तिला हात लावायचा नाही. आईला पहाऱ्यावर बसवलंय. सोमवारी मशीन मी लावीन. तुम्ही शेजारी स्टूल घेऊन बसा. बटणावर बोट तुमचं. मी बंद म्हटलं की त्या क्षणी बंद. रिफायनरीतला अनुभव सांगायचा नाही.

राग उतरला. लोभ तेव्हाही होता, आताही आहे.

तुमची ईशानी