पाण्यात बुडालेल्या मरळी

सर, सकाळी मी आधी विज्ञानाच्या खोलीचं कुलूप काढत असे. ऑफिस, वर्ग, व्हरांडा, सगळं नंतर. खिडक्या उघडायच्या, बाकांवरची खडूची भुकटी ओल्या फडक्याने टिपायची, पुस्तकांच्या कपाटावरून कोरडं फडकं फिरवायचं आणि मग तुमच्या काचेच्या टाकीपुढे उकिडवं बसायचं. आत हातभर लांबीच्या दोन मरळी. मी डब्यातून झिंगे आणि बारक्या मासोळ्या सोडते. थोरली हलत नाही. एका जागी थांबून बघत राहते, मग पाण्याला एक झटका बसतो आणि मासोळी दिसेनाशी होते. खाऊन झालं की दोघी एकामागून एक वर येतात, तोंड बाहेर काढून हवेचा घोट घेतात, पुन्हा तळाशी जातात. तेवढं पाहिलं की मी झाडू घेऊन व्हरांड्यात जायची.

तुम्ही वाशीमहून एसटीने येत होता, शाळा भरायच्या जरा आधी. कोणी पाहुणा आला की त्याला टाकीसमोर उभं करून सांगायचात, "यांचं खाणंपिणं मी स्वतः पाहतो." तीन वर्षांत तुम्ही एक झिंगा हातात धरलेला मला आठवत नाही. मासे कुठून आणले असं विचारलं की "अकोल्याहून" म्हणायचात. सर, त्या मरळी माझ्या नवऱ्याने आणल्या होत्या. तो याच शाळेत शिपाई होता, उन्हाळ्यात तळं आटलं की मासे धरायचा. बोटाएवढ्या असताना त्याने त्या ओल्या पोत्यात घालून आणल्या आणि तुम्ही टाकी नवीन केली म्हणून तुम्हाला भेट दिल्या. पुढच्याच पावसाळ्यात त्याला साप चावला. तुम्ही बुद्धविहाराजवळच्या आमच्या घरी आलात, उंबऱ्याबाहेर उभे राहिलात, "विधिलिखित" म्हणालात. मी पाणी पुढे केलं, ते तुम्ही घेतलं नाही. एसटी चुकेल म्हणालात. शाळा त्या दिवशी पूर्ण वेळ भरली होती.

त्याच्या जागी मला घेतलं. मी दुसरीपर्यंत शिकलेली होते, बाकीचं तुमच्या कपाटासमोर शिकले. एकदा तुम्ही मला पुस्तक उघडून बसलेली पाहिलं आणि हसून म्हणालात, "चित्रं पाहून राह्यली काय? पुसून ठेव मुकाट्याने." मी पुसून ठेवलं. त्यात चित्र एकही नव्हतं.

मग तपासणीचं पत्र आलं. त्याच आठवड्यात थोरलीने टाकीबाहेर उडी मारली, मी तिला पदराने धरून आत सोडलं. तुम्ही मापाची काच कापून आणलीत, लोखंडी चौकटीत घट्ट बसेल अशी. तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मला म्हणालात, "टाकी काठोकाठ भर. अर्धी टाकी साहेबाले बरी नाही दिसत. मंग काच ठेव अन् वर तराजूची वजनं ठेव."

"सर, अशानं मरळ मरते," मी म्हणाले. "तिले वर येऊन हवा घ्या लागते. जागा नाही ठेवली तर ते गुदमरते."

"मासा कधी पाण्यात बुडते काय, बाई?"

"मरळ बुडते, सर. आमच्या घरचे सांगत."

तुम्ही मोठ्याने हसलात. ऑफिसातले कारकून बडे बाबू, माझ्या नवऱ्याचे दोस्त, तिथेच दाखले लिहीत बसले होते, त्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "हिचा नवरा प्रोफेसर होता, मालूम होतं काय तुमाले?" बडे बाबू हसले नाहीत. मी टाकी भरली, काच ठेवली, वजनं ठेवली. तुम्ही तुमची एसटी पकडली.

सकाळी कुलूप काढलं तेव्हा दोघी काचेखाली उताण्या पडल्या होत्या, तोंडं वर करून. थोरलीच्या नाकाडाची कातडी काचेवर घासून सोलली होती. मी वजनं उतरवली, काच काढली आणि हात आत घालून तिला थोडा वेळ धरलं. ती जड होती. सवयीने आणलेला झिंग्यांचा डबा तसाच बाजूला होता.

तुम्ही रडलात. पद्मासन घालून बसावं तसे टाकीपुढे फरशीवर बसलात आणि रुमालाने डोळे पुसलेत. तपासणीचे साहेब जेवून गेल्यावर तुम्ही मैदानावर मुलं बसवून शोकसभा घेतलीत. मुक्या जिवांवर किती जीव लावावा यावर बराच वेळ बोललात, शाळा अर्धा दिवस सोडलीत. लिंबाखाली खड्डा मी खणला. बडे बाबू शेजारी उभे राहून पुटपुटले, "इतनी बडी मरळ पुरून राह्यले. भाभी, आपल्या दोस्तानं कालवण केलं असतं अन् पुऱ्या गल्लीले बोलावलं असतं." मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. तुम्हाला ते दिसलं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "पाहा, बाईलेही पश्चात्ताप होऊन राह्यला." पश्चात्ताप कशाचा, ते मला संध्याकाळी कळलं.

तुम्ही कागद तयार ठेवला होता. साहेबांनी लेखी कारण मागितलं होतं. मला वाचून दाखवलंत, "मासे मेले तेव्हा मी कामावर हजर होते, एवढंच लिहिलं हाय. अंगठा लाव." शाईची डबी तुम्ही उघडून ठेवली होती. मी उभ्या जागेवरून कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की फरशी धुताना माझ्या निष्काळजीपणाने टाकीत फिनेल पडलं आणि मासे मेले. तुमचं अक्षर सुंदर होतं, सर. "नोकरी नाही जाणार," तुम्ही म्हणालात, "फक्त या खोलीची किल्ली देऊन टाक. तुले बाहेरचं काम देतो." मी म्हणाले, उद्या लावते.

बडे बाबू मला फाटकाशी भेटले. "भाभी, दस्तखत नका करू. मी होतो ना तिथं. झाकणाचं मी सांगतो साहेबाले, लेखी देतो. त्याची जिरली पाहिजे एक बार." ते खरंच बोलत होते. त्यांनी तसं केलंही असतं.

तुम्ही गेल्याची बातमी आली त्याला आता वीसएक वर्षं झाली. मी तेव्हा तांदूळ निवडत होते, निवडत राहिले. तुमच्याबद्दल मला तेव्हाही काही चांगलं वाटलं नाही, आता हे लिहितानाही वाटत नाही. शिकलेला माणूस इतका खुजा असू शकतो हे मला तुमच्याकडून कळलं, तेवढ्यापुरते तुम्ही माझे शिक्षक. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून पुढचंही लिहिते. हे मी बडे बाबूंना सांगितलं नाही, कोणालाच नाही.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही एसटीने गेल्यावर खोली बंद करायचं काम माझ्याकडेच होतं. उजेड होता अजून. थोरली काचेला तोंड लावून फिरत होती, धाकटी तिच्यामागे. वजनं उचलायची, काच सरकवायची आणि दोन तांबे पाणी काढायचं, एवढंच काम होतं. सकाळी तुम्ही यायच्या आत पुन्हा भरलं असतं तरी तुम्हाला कळलं नसतं. तांब्या मी हातात घेतलाही होता. मग तुमचं ते प्रोफेसर म्हणून हसणं डोक्यात आलं. वाटलं, मरू दे. उद्या साहेबासमोर याला कळू दे की माझा नवरा खरं सांगत होता. मी तांब्या पालथा घातला, कुलूप लावलं आणि घरी जाऊन भाकरी टाकल्या. त्याच्या हातच्या एवढ्या दोनच गोष्टी या जगात जिवंत उरल्या होत्या.

तुम्ही कागद पुढे केलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत आले, तुमची शाईची डबी बंद केली, बडे बाबूंच्या टेबलावरचा पेन मागून घेतला आणि त्या कागदावर माझं पूर्ण नाव लिहून किल्ली शेजारी ठेवली.