दुपारचा काटा

बाबा, तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली आणि आजवर तुम्हाला एक ओळ लिहावीशी वाटली नाही. आज लिहितेय तेही प्रेमापोटी नव्हे. हे ऐकून माझी समजूत घालणार नाही असा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही, म्हणून लिहितेय.

मी मूलभूत भौतिकशास्त्रात पीएचडी करते. विश्वातलं बरंचसं द्रव्य दिसत नाही, ते शोधायचं. हे एका शाखेला झेपत नाही, म्हणून गणितवाले, यंत्रवाले, रसायनवाले, संगणकवाले अशा आम्हा दहाबारा जणांना एकत्र शिकवतात. ऐकायला झकास. प्रत्यक्षात महिन्यातून एकदा गोल बसवून भिंतीवर रंगीत चिकट कागद लावायला सांगतात, आणि ‘तुमची शाखा प्राणी असती तर कोणता?’ असं गंभीर चेहऱ्याने विचारतात. संगणकवाल्याला यंत्र कुठल्या खोलीत आहे ते ठाऊक नाही, यंत्रवाल्याला आमची समीकरणं बघून जांभई येते, आणि आम्ही गणितवाले दोघांनाही हमाल समजतो. हा तोरा मी तुमच्याकडूनच उचलला. धाटावच्या कंपनीतल्या इंजिनिअरांना त्यांच्या कडक कपड्यांवरून तुम्ही ‘इस्त्रीवाले’ म्हणायचात, आईच्या पोथीला हसायचात, आणि माझ्या गणितांना ‘हवेतलं बांधकाम’ म्हणायचात. तुमच्या लेखी जगात शहाणा माणूस एकच होता आणि तो मीटर दुरुस्त करायचा.

एक संध्याकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. मी अकरावीत आहे. तुम्ही पहिली शिफ्ट संपवून आलायत, रोह्याच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून बशीतून चहा पिताय. कंपनीतली रद्दी लॉगशीटं, तासातासाला काट्यांचे आकडे भरलेली, तुम्ही मला पाठकोरी म्हणून आणायचात. त्यातलं एक उलटं करून तुम्ही पेन्सिल टेकवता.

“ह्यो ऑपरेटर बघ. काटा बघायला वर चढलाच नाय. केबिनमधी बसून आठ तासांचं भरलंय.”

“कशावरून?”

“एकपण आकडा परत आलेला नाय. खरा काटा कंटाळवाणा असतो गो, तासन्‌तास एका जागी बसून राहतो. खोटं लिवणाऱ्याला तोच आकडा परत लिवायची भीती वाटते.”

मग तुम्ही माझं भौतिकशास्त्राचं जर्नल ओढलंत. लंबकाची दहा रीडिंग, दहाही वेगळी. तुम्ही उठलात. दाराच्या चौकटीला दोऱ्याने एक नट टांगलात आणि मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलंत. मी दिवेलागणीपर्यंत रागाने मोजत बसले. दहातले सात आकडे सारखे आले. तेव्हा तुमचा इतका तिरस्कार वाटला होता की जेवले नाही.

गेल्या वर्षी आम्हा गणितवाल्यांना सहा आठवडे यंत्राच्या कामाला लावलं. यंत्रातल्या वायूचा दाब दाखवणारा एक जुना काटा आहे, तो संगणकाला जोडलेला नाही. सकाळ-संध्याकाळची पाळी दुसऱ्यांची, दुपारची माझी. रोज दर अर्ध्या तासाने दोन जिने उतरून तळघरात जायचं, काटा बघायचा, वहीत लिहायचं. एवढं शिकून हे काम? मला अपमान वाटला. दोन दुपारी मी कँटीनमध्ये बसूनच आकडे भरले. खरे दिसावेत म्हणून थोडे खालीवर करून.

आमच्यात एक रसायनवाली आहे. साधी, कष्टाळू, मी तिलाही कधी फारसं मोजलं नाही. ती वही चाळताना तिच्या लक्षात आलं की सकाळी आणि संध्याकाळी काटा शांत असतो, दुपारीच थरथरतो. दुपारी वायू कुठेतरी मुरतो आणि परत सुटतो, असं तिचं म्हणणं. त्यावर तिने आठ महिने घातलेत, प्रबंधाचं अख्खं प्रकरण उभं केलंय.

काल पेणच्या एका कॉलेजात आम्हा दोघींचं व्याख्यान होतं. लोकांना विज्ञान सोपं करून सांगणं हाही आमच्या प्रशिक्षणाचा भाग. तिने तो आलेख पडद्यावर दाखवला. तिथल्या एका प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, “दुपारीच का बरं असं?” ती माझ्याकडे बघून कौतुकाने हसली. म्हणाली, “रीडिंग हिने घेतलीयत. किती चिकाटी लागते ते हिलाच विचारा.”

मी म्हटलं, “जिने फार चढावे लागतात.” सगळे हसले. मीही हसले. मग तिला एकटीलाच परत पाठवून एसटीने रोह्याला आले.

पुढच्या आठवड्यात ती प्रबंध देणार. तपासणाऱ्यांना काही कळायचं नाही, तेही इस्त्रीवालेच. तुम्ही मात्र पहिल्याच पानावर पेन्सिल टेकवली असतीत, आणि मग माझ्याकडे बघितलंही नसतंत. त्या न बघण्याची मला अजून भीती वाटते.

हे तुमच्याच पाठकोऱ्या कागदावर लिहितेय. गठ्ठा अजून कपाटात आहे. पाठवायचं कुठेच नाही. तिला फोन करण्याआधी एकदा तरी खरं लिहून होतंय का, एवढंच बघायचं होतं. तेही झालं नाही, बाबा. वर ‘दोन दुपारी’ लिहिलंय ते खोटं आहे. सहा आठवड्यांत मी त्या तळघरात एकदाही उतरले नाही. तो काटा दिसतो कसा, मला माहीत नाही.