बर्फपेटीची किल्ली

मी, चंपतराव रामाजी भोयर, वय वर्षे सदुसष्ट, धंदा पूर्वी लढाऊ विमानांचे पंख जोडण्याचा व हल्ली ओट्यावर बसण्याचा, राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. माझ्या डोक्याबद्दल पुतण्या चंद्रभान याला शंका असल्याने डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. चंद्रभानने आणून पाहिला, तो लागू पडला नाही.

१. माझी पत्नी मनकर्णा हयात नाही, मूलबाळ नाही. मिळकत माझ्या कष्टाची असून तिच्यावर कोणाचा हक्क पोचत नाही, कोणी कितीही वेळा चहाला आला तरी.

२. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, कढई चंद्रभानची आई पार्वतीबाई हिला द्यावी. महायुद्ध संपल्यावर हुडकेश्वरच्या बाजूचा आमचा कारखाना लिलावात निघाला आणि शिल्लक पत्रे भांडीवाल्यांनी वजनावर नेले. त्यातल्या एका पंखाच्या पत्र्याची ही कढई. जर्मनांवर सोडायचा पत्रा जर्मनची कढई होऊन सदतीस वर्षे पोहे परततो आहे. कारखान्याच्या शेडमध्ये पुढे बर्फाचा कारखाना निघाला, तोही बुडाला. आता तिथे पुष्पक कॉलनीचे प्लॉट पडत आहेत. फलकावर विमान काढले आहे, त्याला तीन पंख आहेत. आमच्या काळी इतके काम होत नव्हते.

३. शाल चंद्रभानला. १९७२ साली मोहल्ल्याच्या मंडळाने ‘वीर कारागीर’ म्हणून ती माझ्या खांद्यावर घातली. उत्तरादाखल मी पाऊण तास बोललो. आम्ही नसतो तर जपानी सीताबर्डीवर जिलबी खात बसले असते, असेही म्हणालो. वस्तुस्थिती अशी की, आमच्या शेडमधून एकूण एकोणतीस पंख बाहेर पडले. विमानाला पंख दोन लागतात, तेव्हा एक कुठे गेला हे मंडळातल्या कोणीतरी विचारायला हवे होते. टाळ्या मात्र सर्वांनी वाजवल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या, माझ्याबरोबर पंख जोडणाऱ्या नत्थूनेही वाजवल्या.

४. तो तिसावा पंख मी बिघडवला. हे कलम चंद्रभानने मोठ्याने वाचावे.

पंखाचे रिबिट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, भट्टीतून काढले की बर्फाच्या पेटीत ठेवावे लागत. बर्फात ते मऊ राहत. बाहेर राहिले तर दोनेक तासांत कडक होत आणि ठोकताना त्यांची डोकी तडकत. पेटी नत्थूच्या ताब्यात होती. मी बाहेरून ठोकायचो आणि तो पंखाच्या पोटात शिरून मागून लोखंडी ठोकळा धरायचा. १९४४ च्या मे महिन्यात एका दुपारी तो म्हणाला, “किल्ली ठेव गा चंपत, मी जेवून येतो.” मनकर्णाने कैरीचे पन्हे पाठवले होते. नागपूरचा मे महिना, आणि साहेबांना गार पन्हे पाजून मला फोरमन व्हायचे होते. पेटीतला सगळा बर्फ मी पन्ह्यात घातला, संध्याकाळपर्यंतचे रिबिट बाहेर काढून घेतले आणि कोरड्या पेटीला कुलूप लावून किल्ली नत्थूला परत दिली. संध्याकाळपर्यंत तेच रिबिट ठोकत राहिलो. ठोकताना आवाज बदललेला मला कळत होता.

पंख नापास झाला. नत्थू एवढेच म्हणाला, “पेटी मी उघडली नाही.” किल्ली कोणाजवळ होती हे त्याने सांगितले नाही, मीही नाही. त्याला त्याच दिवशी काढले. साहेबांना पन्हे आवडले होते, मी फोरमन झालो. नत्थूने पुढे जन्मभर सायकलींचे पंक्चर काढले. माझ्या सायकलीचेही काढले. मला लाज वाटत होती, पण सायकल त्याच्याकडेच नेत होतो.

५. सबब नंदनवनातले दोन खोल्यांचे घर नत्थू बळीराम लांजेवार यास.

हे कलम रद्द. कारण असे की, काल नत्थूला बोलावून वरचा मजकूर वाचून दाखवला. तो म्हणाला, “घर नको मले. मले साक्षीदार कर.” वकील म्हणाले, ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीला राहू नये. नत्थू म्हणाला, “मंग घर राहू दे. तवा मले कोनी इचारलं नाही.”

हे ऐकून चंद्रभानच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले, ते मला पाहवले नाही. तरी घर नत्थूची मुलगी रुख्मिणी हिला देत आहे. नत्थूने हरकत घेतली, ती मी ऐकलेली नाही.

६. माझ्या शोकसभेत विमानाचे नाव काढू नये. काढल्यास कलम चार पुन्हा वाचावे.

वरील मजकूर वाचून, समजून, चष्मा लावून सही केली.

ठिकाण: नागपूर. तारीख: २२ मे १९८३.

(सही) चंपतराव रामाजी भोयर

साक्षीदार:

१. (सही) विश्वनाथ हटवार, निवृत्त शिक्षक. चंपतरावांनी माझ्यादेखत सही केली.

२. (सही) नत्थू बळीराम लांजेवार. माझ्यादेखत सही केली. पेटी मी उघडली नव्हती.